वजन बरोबर आहे

सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

कंपनीने आजपासून मला सुरतमधल्या डिंडोलीच्या एका पतपेढीत पाठवलं आहे. काम सहा आठवड्यांचं. पतपेढीचं नाव इथे लिहीत नाही. माहिती बाहेर जाणार नाही असं मी सही करून दिलं आहे, आणि ही वही कपाटात असली तरी ती कोणाच्याही हाती लागू शकते. इकडे सगळे तिला बँकच म्हणतात. मीही तेच लिहीन.

कारण असं. गेल्या आठवड्यात अमेरिकेने आपलं सर्वांत लहान नाणं, एक सेंटचं, पाडणं बंद केलं. त्याचा व्हिडिओ मोबाइलवर फिरला. त्याला कोणीतरी गुजराती आवाज लावला, मग हिंदी, आणि बँकेजवळच्या नवागामात पोचेपर्यंत त्यातली अमेरिका गळून पडली. उरलं एवढंच की सर्वांत लहान नाणं बंद. आपल्याकडे लहान म्हणजे रुपया. शनिवारी बँकेच्या पायऱ्यांवर दीडशेएक बायका डबे आणि पिशव्या घेऊन बसल्या होत्या. शाखेचे मॅनेजर ललितभाई यांनी तीन भाषांत पाटी लावली की रुपया बंद झालेला नाही. पाटी लागली म्हणजे नक्कीच काहीतरी आहे, असं लोकांनी ठरवलं.

म्हणून नाणी मोजायचं मशीन भाड्याने आलं आणि मशीनबरोबर मी. मी नवागामचीच, तिसऱ्या गल्लीतली. ललितभाईंना ते आज कळलं. म्हणाले, "अच्छा, तो आप घर की हो." घरची असण्याचा मशीनशी संबंध नाही.

बुधवार, १९ नोव्हेंबर

जोडणी पूर्ण. मशीन प्रत्येक नाण्याचा व्यास, वजन आणि धातूचं चुंबकीय वाचन घेतं. त्यावरून किंमत ठरवतं, ग्राहकाच्या खात्यावर टाकतं, पावती छापतं आणि नाणी किमतीप्रमाणे वेगळ्या पिशव्यांत सोडतं. दोन हजार नगांची पिशवी भरली की ती बांधायची, वजन करायचं, शिक्का मारायचा. पिशवीच्या चिठ्ठीवर रोखपाल सही करतो. पिशव्या मुख्य कार्यालयात जातात.

चाचणीसाठी ललितभाईंनी कोऱ्या नाण्यांच्या सीलबंद थैल्या दिल्या. प्रत्येक किमतीची पाचशे नाणी, तीन वेळा. चूक शून्य. नंतर चालू गल्ल्यातली थोडी नाणी टाकली तर शंभरातली तीन-चार 'परत'च्या ट्रेमध्ये पडू लागली. ललितभाई म्हणाले, "परत नको. परत आलं की लोक भांडतात." वापरून झिजलेल्या नाण्यांचं वाचन थोडं इकडेतिकडे होतं. मी दोन रुपयांच्या नाण्याच्या चुंबकीय वाचनाची मर्यादा ६३–६५ होती ती ५८–६७ केली. आता एकही नाणं परत येत नाही.

रोखपाल हिलालभाऊ पाटील, वय सत्तावन्न, ३१ जानेवारीला निवृत्त. मूळचे अमळनेरकडचे. ते मागे हात बांधून उभे होते. म्हणाले, "मॅडम, कोऱ्या नाण्यांवर परीक्षा घेतली. लोक कोरी आणणार आहेत का?"

मी सांगितलं, चाचणीची पद्धत कंपनीने ठरवलेली आहे.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

पाच दिवसांत शहाऐंशी ग्राहक. मी नाण्यांना हात लावत नाही, पडद्याकडे पाहते. ग्राहक डबा वरच्या हौद्यात ओततो आणि पुढचं सगळं बंद झाकणाखाली होतं.

आज पहिली तक्रार. सरलाबाई, आमच्याच गल्लीत टोकाला राहतात, साड्यांचे धागे कापायचं काम करतात. त्या म्हणाल्या, "माझे सहाशे बारा होते. सगळे रुपयेच. दोनदा मोजले." पावतीवर नऊशे तीन.

नाणी पिशवीत सोडण्याआधी मशीन ती आतल्या आत पुन्हा मोजू शकतं; मी बटण दाबलं. पुन्हा नऊशे तीन. मी त्यांना समजावलं की मोजणी दोनदा तीच आली म्हणजे ती खात्रीची.

"पण बाई, जास्तीचे आले कुठून?"

"मोजताना तुमचे सुटले असतील."

"दोनदा?"

मागच्या बायका खोळंबल्या होत्या. सरलाबाई पावती पदराला बांधून गेल्या. दारात पुन्हा एकदा थांबून त्यांनी मशीनकडे पाहिलं.

जेवणाच्या सुट्टीत हिलालभाऊ म्हणाले, "एक पिशवी उघडून बघू का? दोनची?" मी वजनाचा कागद दाखवला. एक नाणं ४.८५ ग्रॅम, दोन हजारांचे ९.७०० किलो. पिशवी ९.६९६. वजन बरोबर आहे. त्यांनी कागद वाचला, घडी करून मला परत दिला.

यंत्राला घाबरणारी माणसं मी खूप पाहिली आहेत. त्यात वयाचा भाग असतो.

सोमवार, १ डिसेंबर

गेल्या आठवड्यापासून एकही तक्रार नाही. सरलाबाईंचीही नाही. चूक असती तर लोक गप्प बसले नसते. इथल्या बायका भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी भांडतात. तक्रार नाही याचा अर्थ मोजणी अचूक आहे. कंपनीला साप्ताहिक अहवालात तसंच लिहिलं.

नाणी अपेक्षेपेक्षा जास्त येत आहेत. त्याचं कारण मला ठाऊक आहे. आमच्या खान्देशी घरांत लग्नाचा आहेर एक्कावन्न, एकशे एक असा देतात. वरचा रुपया खर्च करत नाहीत, डब्यात वेगळा ठेवतात. गावाहून सुरतला येताना भांडी कमी आणली असतील, पण तो डबा आणला. वीस-पंचवीस वर्षांचे आहेर आता हौद्यात पडत आहेत.

गुरुवार, ४ डिसेंबर

आई चपात्या करता करता म्हणाली, "व माय, तुनं मशीन मोठा रुपया लेस ना?"

मी म्हटलं, सगळी चालू नाणी घेतं.

"तसं नही. मोठा. पहिलेना."

"घेतं."

तिने तव्यावरची चपाती उलटली आणि हसली. मला माझ्या कामाबद्दल विचारताना ती कधी हसत नाही. तिला त्यातलं काही कळत नाही म्हणून ती विचारतच नाही. आज विचारलं याचं बरं वाटलं.

मंगळवार, ९ डिसेंबर

गर्दी ओसरायला हवी होती. व्हिडिओला महिना होत आला आणि रुपया बंद झालेला नाही. तरी आज रांग रिक्षा स्टँडपर्यंत. बारडोलीहून एक माणूस गोणी घेऊन आला होता. सदस्य नसल्याने त्याच्या नावावर भरता येईना, तेव्हा आमच्या समोरच्या रंजनाकाकूंनी स्वतःच्या खात्यावर भरून घेतले. दोघांची ओळख कशी, विचारलं नाही.

एक निरीक्षण. आठवडाभर भाजीवाल्याकडून, दूधवाल्याकडून सुट्टे पैसे घेताना सगळी नाणी छोटी, नवी मिळत आहेत. जुना मोठा रुपया एकदाही मिळाला नाही. चलनातून जुनं नाणं आपोआप कमी होतं, ते हेच.

दूधवाल्याने आज पैसे घेतले नाहीत. "तमारी पासेथी नहीं लेवाना, बेन." मी वीस रुपये ठेवून निघाले. त्याने ते आईकडे परत पाठवले.

सोमवार, १५ डिसेंबर

हिलालभाऊंनी आज चार पिशव्यांवर सही करायला उशीर केला. ललितभाईंनी केबिनमधून येऊन विचारलं, काय अडलं?

"साहेब, एकदा पिशवी उघडू. दोनची. फक्त एक."

"स्लिप छे ने? वजन छे ने?" ललितभाई माझ्याकडे वळले. "वर्षाबेन, कोई शक?"

मी म्हणाले, वजन बरोबर आहे.

"बस. मशीन की स्लिप फायनल."

हिलालभाऊंनी चारही चिठ्ठ्यांवर सह्या केल्या. नंतर माझ्या टेबलाशी येऊन हळू आवाजात म्हणाले, "आकडा तुझा असतो पोरी, सही माझी." इतक्या दिवसांत त्यांनी मला मॅडम सोडून दुसरं काही पहिल्यांदाच म्हटलं. त्यांच्या मागे रांगेत रंजनाकाकू होत्या. त्या माझ्याकडे बघून हसल्या. हिलालभाऊंनी वळून त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि गेले.

रविवार, २१ डिसेंबर

रंजनाकाकूंच्या घरी सत्यनारायण होता. मी जाणार नव्हते, आईने नेलं. बायकांनी उठून मला खुर्ची दिली. माझ्या आधी वयाने मोठ्या अकरा बायका तिथे खाली बसल्या होत्या. प्रसादाचा द्रोण सगळ्यांत आधी माझ्या हातात. एकीने तिच्या मुलीला माझ्या पाया पडायला सांगितलं. मी पाय मागे घेतले.

कोणीतरी म्हणालं, "शिकेल पोर अशी पाहिजे. आपली माणसं विसरत नही."

मी काय केलं आहे हे कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं आता लिहिताना वाटतं. घरी तीन बर्नरची नवी शेगडी आली आहे. आई घरी साड्यांना लेसपट्टी लावते, म्हणते त्याचेच पैसे आले. लेसपट्टीचा दर मला माहीत आहे. त्या पैशांत शेगडी बसत नाही. हिशेब जुळला नाही तेव्हा मी तो अर्धवट सोडला. असं मी करत नाही.

सरलाबाई तिथे नव्हत्या. त्यांना बोलावलं नव्हतं.

सोमवार, २९ डिसेंबर

साडेअकराला मुख्य कार्यालयाचा फोन आला. दुपारी दोघे अधिकारी आले, त्यांच्याबरोबर एक उघडलेली पिशवी. दोन रुपयांची, दोन हजार नग, उघडेपर्यंत शिक्का शाबूत होता, चिठ्ठीवर हिलालभाऊंची सही. टेबलावर ओतली. पंधराशेहून जास्त नाणी एक रुपयाची. जुने मोठे रुपये, मळकट, काहींना हळद-कुंकू लागलेलं.

मग दोनच्या अठ्ठावन्न पिशव्यांपैकी वीस उघडल्या असल्याचं त्यांनी सांगितलं. सगळीकडे कमी-जास्त तेच.

अधिकाऱ्यांचं म्हणणं सरळ होतं. ग्राहकांनी दोनची नाणी भरली. नंतर कोणीतरी ती काढून तेवढेच जुने रुपये पिशवीत घातले. वजन तेच, त्यामुळे कळलं नाही. पिशवी, शिक्का आणि कपाटाची चावी एकाच माणसाकडे.

हिलालभाऊंना चावी टेबलावर ठेवायला सांगितलं. त्यांनी ठेवली. जेवणाचा डबा उचलला, चप्पल घातली. माझ्या टेबलासमोरून जाताना थांबले नाहीत.

मी त्या ढिगातला एक रुपया उचलला. दोनच्या नव्या नाण्यावर ठेवला. कडा तंतोतंत जुळल्या. तो हौद्यात टाकला. पडद्यावर आलं: २.

मंगळवार, ३० डिसेंबर

ही वही पहिल्या पानापासून वाचली. हिलालभाऊ १९ नोव्हेंबरला बोलले. २५ ला बोलले. १५ डिसेंबरला बोलले. तिन्ही वेळा मी त्यांचे शब्द नीट उतरवून घेतले आहेत आणि तिन्ही वेळा चुकीचा निष्कर्ष काढला आहे. सरलाबाईंच्या सहाशे बारांत दोनशे एक्याण्णव मोठे रुपये होते. तो फरक पाहून कोणीही ओळखलं असतं. मी वजन दाखवलं.

आईला विचारलं. ती लेसच्या गुंडाळीत मान घालून बसली होती.

"तुला माहीत होतं?"

"काय?"

"मशीन मोठ्या रुपयाचे दोन करतं."

तिने मान वर केली. तिला खरंच नवल वाटलं होतं. "तुले म्हाईत नव्हतं?"

मी नाही म्हटलं.

"सगळ्या गल्लीले म्हाईत शे. आमले वाटनं, तू आमनासाठे करी राह्यनी." मग शुद्ध मराठीत, मला नीट कळावं म्हणून: "तू चुकशील असं कोणाच्या डोक्यात कसं येईल? शाळेपासून तुझं कधी काही चुकलं का?"

ती स्वतः नऊ वेळा भरून आली होती. मी जेवायला गेले की. आधी आहेराचा डबा, मग देवळापुढच्या फुलवाल्याकडून सव्वा रुपयाला एक असे विकत घेतलेले. रंजनाकाकूंनी उधना आणि बारडोलीपर्यंत माणसं लावली होती.

"हिलालभाऊंना काढलंय," मी म्हटलं. "चोर म्हणून."

आईने गुंडाळीतला पीळ सोडवला. मग म्हणाली, "तेस्ना काय संबंध?"

बुधवार, ३१ डिसेंबर

मशीन प्रत्येक नाण्याचं वाचन जपून ठेवतं, खाते क्रमांक आणि वेळेसकट. मी ती फाइल उघडली. दोनच्या खऱ्या नाण्यांचं वाचन चौसष्टच्या आसपास, मोठ्या रुपयांचं साठच्या. दोन वेगळे ढीग, मधे काहीच नाही. मर्यादा ६३–६५ राहिली असती तर एकही मोठा रुपया आत गेला नसता, सगळे परतच्या ट्रेमध्ये पडले असते. ती मी रुंद केली. त्या दिवशी परत पडलेली तीन-चार नाणी उचलून पाहिली असती तरी पुरलं असतं.

एकूण मोठे रुपये ८४,३१६. खाती २१२. कोणी किती, नगापर्यंत कळतं. आई ६,११८. रंजनाकाकू ११,४०५. पहिल्या दोन आठवड्यांत जवळजवळ प्रत्येकाने एकदाच भरले आहेत, ते नकळत. त्यानंतरचे नकळत नाहीत.

ही फाइल हिलालभाऊंचा पुरावा आहे. रुपये पिशवीत नंतर घातले गेले नाहीत, मशीनमधूनच आले, हे ती दाखवते. तिच्यातले खाते क्रमांक पुसता येतात का ते पाहिलं. एक ओळ बदलली तरी फाइलची डिजिटल मोहोर तुटते आणि मग ती पुरावा राहत नाही.

ललितभाईंना तोंडी सांगितलं. त्यांनी केबिनचं दार लावून घेतलं. रागावले नाहीत, हे मला जास्त वाईट वाटलं.

"वर्षाबेन, समजो. मशीन की गलती का वीमा नहीं है. आदमी की बेईमानी का है." त्यांनी एक कागद पुढे केला. स्थापनेच्या दिवशी जुन्या-नव्या सर्व नाण्यांची चाचणी घेतली आणि मशीन अचूक होतं, असं प्रमाणपत्र. खाली माझं नाव टंकलेलं. "ये साइन करो. वीमा पैसा देगा. गल्ली को कोई नहीं पूछेगा. आपकी नौकरी रहेगी. सब का भला."

"आणि हिलालभाऊ?"

"उमर हो गई है. केस चलता रहेगा."

शनिवारी अकरा वाजता ते पोलिसांत तक्रार देणार आहेत. त्याआधी सही हवी. मी म्हटलं, कागद घरी नेऊन वाचते.

"वांचो ने. निरांते वांचो."

गुरुवार, १ जानेवारी २०२६

हिलालभाऊंकडे गेले. डिंडोलीत, दुसरा मजला. त्यांनीच दार उघडलं. आत बस म्हणाले नाहीत, पण दारही लावलं नाही. मी जिन्यातच उभं राहून सगळं सांगितलं. मर्यादा, फाइल, प्रमाणपत्र.

"चौतीस वर्षं चिल्लर मोजतो," ते म्हणाले. "मोठा रुपया पडला की कानाला कळतो. मशीनमध्ये पहिल्याच दिवशी ऐकला."

"मग सरळ का नाही सांगितलं?"

"तीनदा सांगितलं. आणखी कसं सांगू, ढोल वाजवून? मग बघितलं, रंजना तुझ्याकडे बघून हसते. तुझी आई लाइनीत. मला वाटलं तुम्ही सगळे मिळालेले आहात. मी मधे पडलो तर मीच वाईट."

"तरी सह्या केल्या."

"केल्या. साहेब उभे होते. आणि जानेवारी जवळ होता. गप्प राहून सुटता येतं असं वाटलं. ती चूक माझी. तेवढीच."

आत कुकरची शिट्टी झाली. कोणीतरी गॅस बंद केला आणि पुन्हा शांत झालं. घरात माणसं होती, बाहेर कोणी आलं नाही.

"गल्ली वर्गणी काढायला तयार आहे," मी म्हटलं. ते खरं होतं, सकाळीच रंजनाकाकू आईकडे येऊन बोलल्या होत्या. "तुमच्याकडून जेवढे कापतील तेवढे."

ते हसले. "चोराला वर्गणी? मला पैसे नको. मला तिथून हिलाल पाटील म्हणून सुटायचंय. बाकी तुमच्या गल्लीचं काय ते तुमचं तुम्ही बघा. मला सगळ्यांची काळजी करायला सांगू नकोस. मला ती करता येणार नाही."

मी म्हटलं, सांगत नाही.

शुक्रवार, २ जानेवारी

आज सुट्टी टाकली. सकाळपासून अहवाल लिहिला. साडेतीन पानं. चाचणी कोऱ्या नाण्यांवरच घेतली. मर्यादा मी वाढवली, कारण आणि तारीख दिली. रोखपालाने तीन वेळा पिशवी उघडायला किंवा चाचणी तपासायला सुचवलं, तारखा दिल्या, मी ते मानलं नाही. वजनाची तपासणी या चुकीला आंधळी आहे, कारण दोन्ही नाण्यांचं वजन एक आहे. शेवटी लिहिलं की जास्त जमा झालेली रक्कम मोजणीच्या दोषामुळे गेली, ती कंपनीकडून घ्यावी, ग्राहकांवर टाकू नये. हे ते मानतील याची शक्यता किती, मला आकड्यात सांगता येत नाही. फाइलबरोबर दोनशे बारा खाती जातील आणि प्रत्येक खात्यासमोर आकडा असेल. सोमवारी ती खाती गोठवतील, असं मला वाटतं. त्यात कोणाची फी आहे, कोणाचं भाडं, कोणाचं बाळंतपण, हे फाइलमध्ये नाही.

दुपारी दोनला रंजनाकाकू आल्या; प्रमाणपत्राचं आणि अहवालाचं त्यांना आईकडून कळलं होतं. मग आणखी चौघी. मग दारातली जागा संपली. कोणी मोठ्याने बोललं नाही. आईने चटया घातल्या.

रंजनाकाकू म्हणाल्या, "वर्षा, तू फक्त त्या कागदावर सही कर. तुझं काय जातं? आम्ही तुझं नाव कुठे घेतलं का?"

"नाही घेतलं."

"मग? आम्ही काय दरोडा घातला का? मशीनने दिले, आम्ही घेतले. बँक आमच्या पासबुकात दर वर्षी काय काय कापते, तेव्हा कोणी अहवाल लिहितं?"

मी म्हटलं, हिलालभाऊ तुरुंगात जातील.

"विमावाले पैसे देतात तेव्हा कोणी जेलात जात नाही."

"देतात ते चोर सापडला म्हणूनच देतात."

मागून कोणीतरी म्हणालं, "तिच्या आईचंही नाव आहे ना त्यात?" सगळ्या आईकडे बघू लागल्या. आई ओट्याकडे तोंड करून उभी होती.

मी आतल्या खोलीत आले. थोड्या वेळाने आई आली आणि दार लोटून घेतलं. "लिखू नको," ती म्हणाली. "मी तुनी माय शे, म्हनीसन सांगस. आते आपले आठेच ऱ्हानं शे."

आपल्याला इथेच राहायचं आहे. ते मला माहीत आहे. मी तिला पडद्यावर तिची ओळ दाखवली. खाते क्रमांक, नऊ तारखा, ६,११८. तिला आकडे वाचता येतात. ती वाकून पाहत राहिली. नंतर बोटाने वरची ओळ दाखवली. "हाई कोन?"

"सरलाबाई. एकदाच. दोनशे एक्याण्णव."

"ती ते बोलनी व्हती तुले."

"हो."

आई सरळ झाली. दार उघडून बाहेर गेली. बाहेर कोणीतरी तिला विचारलं, काय म्हणते? तिने काय सांगितलं ते ऐकू आलं नाही, पण त्यानंतर बाहेर कुजबुजही थांबली. अजून थांबलेली आहे. कोणी उठून गेलेलं नाही. दाराच्या फटीतून चपला दिसतात. एकवीस जोड मोजले, पलीकडचे दिसत नाहीत.

प्रमाणपत्र फाडलं नाही. सही न करताच अहवालाला जोडलं, तेही कागदपत्रच आहे.

पाच वाजून दहा मिनिटांनी अहवाल आणि फाइल मुख्य कार्यालयाला, माझ्या कंपनीला आणि हिलालभाऊंच्या मुलाच्या मोबाइलवर पाठवली. तिन्हीकडे पोचल्याची खूण आली.

आता लॅपटॉप बंद करून बाहेर जाणार आहे. त्यांना दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच सांगणार. आई चहाचे कप धुते आहे, आवाज येतो आहे. बाहेर बसायला जागा नाही. दाराशी उभी राहीन.